जाम झालेले इंजिन घेऊन उद्यमनगरात

कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक फेरी मारतो, सवड असली तर जोतिबा-पन्हाळा करतो आणि येताना चपला नि गूळ घेऊन घरी परततो. शिवाजी उद्यमनगर पाहायला म्हणून कोणी जात नाही. तिथे जावे लागते ते घरातले काही मोडले म्हणजे. पंपाचा शाफ्ट वाकला, गुऱ्हाळावरच्या चरकाचा दात तुटला, विहिरीवरच्या इंजिनाचा क्रँक गेला, की आपल्याकडचा शेतकरी ती वस्तू पोत्यात गुंडाळून उद्यमनगराची वाट धरत आला आहे. आमची वस्तू मात्र पोत्यात मावणारी नव्हती. ती अख्खी जीप होती.

जीप आमच्या दाजींची. गाव शिरोळ तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे. मळीचे रान, ऊस आणि वांगी. कृष्णाकाठच्या वांग्यांना गिऱ्हाईक तोटा नसतो, तोटा असतो तो वाहनाचा. दाजींच्या वडिलांनी घेतलेली ही डिझेल जीप तीस वर्षे बाजार करत होती. पहाटे अक्का वांगी भरून द्यायची आणि उजाडायच्या आत माल जयसिंगपूरच्या किंवा सांगलीच्या बाजारात उतरायचा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात जीप वेळेवर उंचावर नेलेली होती, म्हणून वाचली. जुलै २०२१ मध्ये पाणी रात्रीत चढले. आधी जनावरे, मग म्हातारी माणसे, मग धान्य. जीप दारातच राहिली आणि चार दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ, एक भिंत पडलेली, ऊस कुजलेला. अशा वेळी जीपकडे कोण बघणार? ती तशीच गोठ्याच्या कडेला ढकलून ठेवली. पुढे थंडीत किल्ली फिरवली, तर नुसता टक असा आवाज झाला आणि बॅटरी बसली.

मग व्हायचे तेच झाले. जवळच्या एका कारागिराला बोलावले. त्याने फारसे न बघता जीपला दोर बांधला, ट्रॅक्टरने ओढली आणि गिअर टाकून क्लच सोडला. मागची चाके रस्त्यावर फरफटली. दुसऱ्या हिसक्याला आतून कडाड् असा आवाज आला. "इंजन मेलं, भंगारात घाला," असे सांगून तो आपले पैसे घेऊन गेला. भंगारवालाही लगोलग दारात हजर झाला. त्याने सांगितलेल्या किमतीत दुभती म्हैस सोडाच, तिचे रेडकूही आले नसते.

अक्काने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. "मामंजींची गाडी आहे. मेली का जिती, ते उघडून बघितल्याबिगर मी द्यायची न्हाई," असे ती म्हणाली. भाड्याच्या टेम्पोत त्या हंगामात किती पैसा गेला, ते तिच्या वहीत लिहिलेले होते. उन्हाळा लागताच आम्ही जीप एका ट्रकच्या हौद्यात चढवली आणि मी दाजींबरोबर निघालो.

शिरोळवरून जयसिंगपूर, पुढे हातकणंगले, चोकाक, हेर्ले अशी गावे घेत हा रस्ता शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतो. पंचगंगेचा पूल ओलांडला की कोल्हापूर. पुलावरून खाली बघितले तर उन्हाळ्यातली नदी अगदी गरीब दिसते. हिनेच दोन वर्षांच्या अंतराने दोनदा हा महामार्ग अडवून धरला होता, यावर विश्वास बसत नाही.

उद्यमनगर हे एक नगर म्हणण्यापेक्षा गल्ल्यांचे जाळे आहे. एका गल्लीत फक्त क्रँक घासतात. पलीकडे बोअरिंगवाले. त्याच्या शेजारी नुसते गिअरचे दात कापणारा, त्याच्यासमोर स्प्रिंगवाला, आणि कोपऱ्यावर कुठल्याही मापाचा नटबोल्ट मोजून देणारा दुकानदार. पत्र्याच्या शेडखाली लेथ फिरत असतात, लोखंडाचे निळसर कुरळे कीस जमिनीवर पडत असतात, आणि हवेला जळक्या तेलाचा वास असतो. ओतकामाच्या मोठ्या भट्ट्या बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत गेल्या. तिथे ओतलेले इंजिनांचे ब्लॉक आणि हेड देशभरच्या कारखान्यांना जातात. पण मोडलेले एकच नग दुरुस्त करून हवे असेल, तर माणूस अजून या जुन्या गल्ल्यांतच येतो.

इथल्या हातांना ही सवय आजची नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली. यंत्र आले की ते दुरुस्त करणारा माणूस लागतोच. १९१८ च्या सुमारास याच शहरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि त्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांना दाखवला. पलीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर कारखाना उभारून लोखंडी नांगर करायला घेतले, ते तर आपल्या घराघरांत माहीत आहे. नदीवर उपशाचे पंप बसले, गुऱ्हाळे इंजिनावर आली आणि उद्यमनगराला कामाचा तुटवडा पडला नाही. शेतकऱ्याचे यंत्र बिघडावे आणि या गल्लीची चूल पेटावी, असे हे नाते आहे. मला ते वाईट वाटत नाही, कारण उलट दिशेनेही ते तितकेच खरे आहे.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते मिस्त्री सत्तरीचे. अंगात खाकी शर्ट, कानावर खडू. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. जीपभोवती एक फेरी मारली आणि दाजींना विचारले, "अण्णा, चालता चालता धरलं, का उभ्या उभ्या?"

"उभी असतानाच. पुरात होती."

"मग दोर कुनी लावला?" पुढच्या हुकाचा रंग उडालेला त्यांनी बरोबर हेरला होता.

या पहिल्या प्रश्नातच अर्धे निदान असते, हे मला तिथे कळले. चालते इंजिन धरते ते बहुधा तेल किंवा पाणी संपल्यामुळे. तेल नसले की बेअरिंगचा मऊ धातू वितळून क्रँकला चिकटतो. पाणी नसले की पिस्टन तापून फुगतो आणि बोअरमध्ये अडकतो. उभे इंजिन धरते ते गंजाने. रिंगा आणि बोअर एकमेकांना धरून बसतात. आणि तिसराही एक प्रकार आहे, तो पूरग्रस्तांनी नीट लक्षात ठेवण्यासारखा. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. डिझेल इंजिनात हवा वीसपट दाबण्याइतकीच जागा वर ठेवलेली असते, तिथे पेलाभर पाणी म्हणजे दगडच. इंजिन जाम झाल्यासारखे वाटते, पण ते जाम नसते, नुसते अडलेले असते. पुरानंतर आलेल्या कितीतरी गाड्या आपण अशाच नुसते पाणी काढून चालू करून दिल्या, असे मिस्त्री म्हणाले.

आता त्यांनी कामाला सुरुवात केली. किल्ली फिरवल्यावर टक झाले म्हणजे इंजिनच गेले असे धरून चालत नाहीत. आधी दुसरी, चांगली बॅटरी लावून बघितली. मग स्टार्टर उतरवला, कारण कधी कधी त्याचाच दात फ्लायव्हीलच्या कड्यात अडकून बसतो. मग पंख्याचा पट्टा काढला. पाण्याचा पंप किंवा डायनमो गंजला असेल तर तोही सगळ्यांना धरून ठेवतो. गिअर मोकळा आहे याची खात्री केली. इतके करून इंजिन फिरत नाही, तेव्हा मग दोष आत.

त्यानंतर चारी नोझल काढले. पेट्रोलची गाडी असती तर प्लग काढले असते. पिस्टनवरचे पाणी बाहेर पडायला ही वाट हवी. क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून मिस्त्रींनी हळूच जोर दिला. दोन नोझलच्या भोकांतून तांबूस पाणी उडाले. दाजींचा चेहरा उजळला. पाना पाव फेरा फिरला आणि थांबला. उलटा फिरवला, तसाच पाव फेरा जाऊन पुन्हा थांबला. मिस्त्रींनी चार वेळा असे केले आणि पाना खाली ठेवला.

"गंजाचं इंजन सगळीकडं जड लागतं अण्णा, रबरागत. ह्ये मोकळं फिरतंय आनि एकाच जागंला ठक्कन अडतंय. आत काय तरी आडवं पडलंय."

नुसता गंज असता तर उपाय सोपा होता. सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल मिसळून ओतायचे, चार-आठ दिवस मुरू द्यायचे, रोज पान्याने मागे-पुढे थोडे थोडे हलवायचे. सोडते. घाई करायची नाही, आणि ओढून तर मुळीच नाही.

चेंबरचा बूच उघडला. आधी पाणीच आले, बराच वेळ. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेले. मागून काळे तेल आले. चेंबर खाली उतरवल्यावर गाळाच्या थरात कनेक्टिंग रॉडचा एक तुकडा पडलेला दिसला आणि बिडाची एक खपली. सगळी हकीकत आपोआप उलगडली. पिस्टनवर पाणी असताना ट्रॅक्टरने हिसका दिला. पाणी दबले नाही, म्हणून रॉड वाकला. दुसऱ्या हिसक्याला वाकडा रॉड तुटला आणि त्याने ब्लॉकची आतली कड फोडली.

दाजी म्हणाले, "तडा भरून येत न्हाई का?" बिडाला वेल्डिंग होते, हे त्यांना ठाऊक होते. मिस्त्रींनी तो भाग पुसून रॉकेल लावले, पुन्हा कोरडा केला आणि वर कानावरचा खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर येऊ लागले होते. ती रेघ थेट क्रँकच्या मधल्या बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेली होती. "ह्यो भाग भार घेतोय. इथलं वेल्डिंग मी करनार न्हाई. करून देनारं भेटतील," एवढेच ते बोलले.

म्हणजे ब्लॉक गेला. इंजिन बदलायचे, नाहीतर जीप सोडून द्यायची.

त्या संध्याकाळी आम्ही एका ओळखीच्या माणसाबरोबर शहराबाहेरच्या एका भंगाराच्या आवारात गेलो. तिथे रंग मारलेले, चकाचक इंजिन तयार होते आणि किंमतही बेताची होती. दाजी जवळजवळ तयार झाले. मी नंबर कुठे आहे ते विचारले. ब्लॉकवर नंबराच्या जागी कानशीने घासलेला सपाट पट्टा होता. पावती? "पावतीचं काय, बघू नंतर," असे उत्तर मिळाले. दाजींनी घरी फोन लावला. अक्काने पलीकडून शांतपणे विचारले, "नंबर घासलेलं जनावर तुम्ही बाजारातून आणलं असतं का?" दाजींनी फोन खिशात टाकला आणि आम्ही तिथून निघालो.

इथे कागदाची बाजू सांगायला हवी, कारण आपले लोक नेमके तिथे फसतात. इंजिनाचा नंबर गाडीच्या नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. इंजिन बदलले की आर.टी.ओ. कचेरीत ती नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. त्यासाठी इंजिन कुठून घेतले याची पावती हवी. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्या तपासणीत नंबर जुळला नाही तर गाडी दारातच बसते. इंजिन चोरीचे निघाले तर विचारायलाच नको.

दोन दिवसांनी मिस्त्रींनीच वाट काढली. करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या सडलेल्या जीपची नोंदणी रद्द करून घेतली होती. इंजिन त्याच जातीचे, नंबर स्वच्छ, कागद हातात. किंमत भंगारवाल्यापेक्षा जास्त, आणि शिवाय ते उघडून दुरुस्त करावे लागणार. हिशोब केला तर सगळे मिळून एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या घरात जात होते. नवी गाडी घ्यायची तर मळीच्या रानातला तुकडा विकावा लागला असता. दाजींनी होकार दिला.

पुढचे चार दिवस मी उद्यमनगर खऱ्या अर्थाने पाहिले. इथली सगळी भाषा थाऊची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याच्या केसाची जाडी दोन-तीन थाऊ भरते. क्रँक घासणाऱ्याने मायक्रोमीटर लावून सांगितले, "ह्यो आधी वीस थाऊ घासलाय. तीसवर घेतो. म्होरं मात्र घासायला जागा न्हाई." म्हणजे क्रँकला आणखी एकच आयुष्य. बेअरिंगही त्याच मापाचे घ्यायचे, नाहीतर ढिले तरी बसते नाहीतर धरते तरी. बोअर वर जास्त झिजलेला आणि खाली कमी, कारण रिंगा वर जास्त तापतात आणि तेल तिथे कमी पोचते. नवे लायनर, नवे पिस्टन, आणि शेवटी दगडाने तिरप्या रेघा मारून घेतल्या. गुळगुळीत बोअरवर तेल थांबत नाही, त्या बारीक रेघांत ते धरून राहते, असे बोअरिंगवाला म्हणाला. त्या कामावर अठरा-वीस वर्षांचा एक पोरगा होता. मोबाइल खिशात वाजत होता, पण माप घेताना त्याने एकदाही तिकडे पाहिले नाही.

इंजिन उतरवणे-चढवणे हे काम तितके अवघड नाही, मात्र शिस्तीचे आहे. बॅटरी सोडली, बॉनेट आणि रेडिएटर बाजूला केला. प्रत्येक वायरीला कापडाची चिंधी बांधून त्यावर खूण केली. तिकाटण्यावरून साखळीची पुली सोडून जुने इंजिन उचलले आणि मग इतर दुखणी बाहेर आली. क्लच प्लेट गाळाने फुगून फ्लायव्हीलला चिकटली होती. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधले तेल दुधाच्या चहासारखे झालेले. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी. ब्रेकच्या ड्रममध्ये नदीची माती. पुरातल्या गाडीचे नुसते इंजिन बदलले आणि हे राहू दिले, तर महिन्याभरात पुन्हा ट्रकचा हौदा.

नवे इंजिन बसल्यावर त्यात डिझेल न सोडता आधी ते स्टार्टरने नुसते फिरवले. ऑईलचा काटा वर आला, तेव्हाच मिस्त्रींनी डिझेल पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढली. हे आपल्या विहिरीवरच्या इंजिनासारखेच. मग किल्ली. काळा धूर, मग निळा, मग काहीच नाही. मिस्त्रींनी कान लावला, बोटाने आमच्याकडे चहाची खूण केली.

गाडी परत नेताना दाजींनी पुरात गाडी बुडाली तर काय करायचे, ते त्यांच्याकडून पुन्हा विचारून घेतले. ते इथे जसेच्या तसे देतो, कारण नदीकाठच्या वाचकांना ते लागेल. पाणी ओसरले की किल्लीला हात लावायचा नाही. बॅटरीची तार सोडायची. चेंबरचे तेल-पाणी सोडून द्यायचे, एअर फिल्टर काढून टाकायचा. नोझल किंवा प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवायचे, पाणी उडून जाऊ द्यायचे. मग प्रत्येक भोकात थोडे तेल ओतून पुन्हा फिरवायचे. नवे तेल भरायचे आणि मगच चालू करायचे. ओळखीचा फिटर आणि अर्धा दिवस, एवढेच लागते. घर पडलेले असताना चालू करायला सवड नसली, तरी तेल ओतण्यापर्यंतचे काम पहिल्या आठवड्यात उरकले तर इंजिन महिनोन् महिने थांबते.

आर.टी.ओ.च्या नोंदीला दोन खेपा झाल्या. पावती आणि जुन्या जीपची नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता, म्हणून तिसरी पडली नाही.

पहिले पाचशे किलोमीटर भार घालायचा नाही, चाळीसच्या वर पळवायची नाही, मग तेल बदलून हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, असे मिस्त्रींनी बजावले होते. दाजी दुसऱ्याच दिवशी पंधरा क्रेट भरायला निघाले. अक्काने मीटरचा आकडा वहीत लिहून घेतला आणि सहाच क्रेट चढू दिली. उरलेली वांगी तिने पाचशे किलोमीटर भरेपर्यंत भाड्याच्या टेम्पोनेच पाठवली.